कंबरेतली सुई आणि कंबरेचा हिशेब

(कोंढा, ता. पवनी, जि. भंडारा येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज धानाच्या भावावर बोलायचे असे ठरले होते. भावावर मी बोलणारच आहे, पण थोड्या आडवाटेने. त्याला कारण घडले.

मागच्या महिन्यात आपल्यातले एक जुने शेतकरी माझ्याकडे आले. चळवळीत माझ्या आधीपासूनचे. रास्ता रोकोत लाठ्या खाल्लेले, तुरुंगात भाकरी खाल्लेले. मी म्हटले, "काकाजी, बसा." तर म्हणाले, "बसता येत नाही गा, उभाच बरा." डावा पाय कुल्ह्यापासून टाचेपर्यंत चमकत होता. हातात मोठी प्लास्टिकची पिशवी, तिच्यात एमआरआयच्या फिल्म आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा. वर्षभरात कंबरेत तीन सुया घेऊन झाल्या होत्या. पहिलीने दीड महिना बरे वाटले, दुसरीने तीन आठवडे, तिसरीने काहीच नाही. आता चौथी घ्या असे सांगितले होते आणि त्यासाठी ते म्हैस विकायला निघाले होते. मला विचारत होते, "चौथी घेऊ का?"

मी डॉक्टर नाही. मी शेतकीचा पदवीधर, पिकांच्या रोगांची आणि औषधांची विद्या शिकलेला माणूस. पण चिठ्ठीवरचे औषधाचे नाव मला वाचता येते आणि कोणतेही औषध कशावर चालते, किती दिवस चालते, अपाय काय करते, हे तीन प्रश्न विचारायची मला सवय आहे. कीटकनाशकाच्या डब्याला आपण हेच विचारतो. मग कंबरेत जाणाऱ्या सुईला का विचारू नये? म्हणून महिनाभर वाचले, जाणत्या डॉक्टरांना विचारले. त्यातले तुमच्या कामाचे आज सांगतो.

आधी एक करा. ज्यांच्या घरात कोणालातरी "मणक्यात गॅप आहे" असे सांगितले गेले आहे त्यांनी हात वर करा. पाहा, अर्ध्याहून जास्त हात वर आहेत. ही 'गॅप' म्हणजे काय? मणक्यामणक्यांच्या मध्ये एक चकती असते, बाहेरून चिवट आणि आत लिबलिबीत. वयाबरोबर ती सुकते, चपटी होते, कधी बाहेर फुगते. गॅप पडत नाही, उलट असलेली फट कमी होते. आणि हे ज्यांना काही दुखत नाही अशांच्याही फिल्मवर दिसते. कंबर न दुखणाऱ्या तीन हजारांवर माणसांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक अहवाल छापला गेला. त्यात पन्नाशीतल्या शंभरातल्या ऐंशी जणांच्या चकत्या झिजलेल्या आणि साठ जणांच्या फुगलेल्या दिसल्या. दुखत काही नव्हते! डोक्याचे केस पिकावेत तसेच ते. म्हणून फिल्मवर गॅप दिसली एवढ्यावरून कोणी सुई टोचत असेल तर थांबा. फिल्मवर जे दिसते तेच दुखते आहे का, हे माणूस तपासून, पाय उचलून, ताकद पाहून ठरवायचे असते.

आता सुई. ही सुई म्हणजे गावातला डॉक्टर कुल्ह्यावर देतो ती नव्हे, तिच्याविषयी पुढे बोलतो. ही मणक्याच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर जी पोकळी असते तिच्यात देतात. पद्धत जुनी आहे. १९०१ साली पॅरिसमध्ये सिकार आणि कॅथेलिन या दोन डॉक्टरांनी माकडहाडाजवळच्या छिद्रातून या पोकळीत कोकेन सोडून पाहिले. तेव्हा पाय का दुखतो हेच नीट ठाऊक नव्हते. चकती फुटून नस दाबते आणि म्हणून पायात कळ जाते, हे मिक्स्टर आणि बार या अमेरिकन डॉक्टरांनी १९३४ साली दाखवले. स्टेरॉइड आले त्यानंतर. १९४८ साली अमेरिकेत संधिवाताच्या एका रुग्णाला कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणावरचे माणूस चालू लागले. १९५० साली त्या कामाला नोबेल मिळाले. ज्या औषधाने अंथरुणावरचे माणूस उठते ते मग सगळीकडे टोचले जाणारच. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते कंबरेतही जाऊ लागले.

ते काय करते? चकतीतला गर बाहेर आला की तो नसेला नुसता दाबत नाही, चिडवतोही. नस सुजते, लाल होते. स्टेरॉइड ही सूज उतरवते. बस, एवढेच. चकती मागे ढकलत नाही, गॅप भरत नाही, झीज भरून काढत नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर पिवळ्या पडलेल्या बांधीत युरिया फेकल्यावर चार दिवसांत हिरवळ येते, पण पाणी साचून मुळे कुजत असतील तर ती कुजतच राहतात.

पण म्हणून सुई फसवी, असे मी म्हणणार नाही. नव्या दुखण्यात, पायात अंगार लागल्यासारखी कळ आहे, झोप नाही, अशा वेळी सूज उतरवून मिळालेले दोन महिने मोलाचे असतात. कारण निसर्ग त्या दोन महिन्यांत आपले काम करतो. बाहेर आलेला गर बऱ्याच जणांत आपोआप सुकतो आणि बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत उतरणीला लागते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेने २०१६ साली नियम केला तोही असाच : तीव्र आणि नव्या सायटिकेत या सुईचा विचार करावा, नुसत्या कंबरदुखीत कंबरेत सुई देऊच नये, आणि मणक्याची नळी अरुंद झाल्याने चालताना पाय भरून येतात त्यांनाही देऊ नये. ते शेवटचे दुखणे आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांत पुष्कळ आहे. शंभर पावले चालले की पाय जड होतात, वाकून बसले की उतरते, सायकलवर मात्र मैलभर जातात. अशा ४०० रुग्णांवर अमेरिकेत प्रयोग झाला, २०१४ साली छापला गेला. निम्म्यांना नुसते बधिरीचे औषध दिले, निम्म्यांना त्यात स्टेरॉइड मिसळून. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक जवळजवळ नव्हता.

आणि सायटिकेत तरी फायदा किती? २०२० साली २५ प्रयोगांची गोळाबेरीज केली गेली. दुखणे शून्य ते शंभर असे मोजले तर सुईने पहिल्या काही आठवड्यांत सरासरी पाचच गुणांचा जादा उतार पडला. सरासरी म्हणजे काहींना पुष्कळ आणि काहींना शून्य, हे खरे. पण शंभरात पाच हा आकडा ध्यानात ठेवा आणि मग म्हशीची किंमत करा. तीन महिन्यांहून जुने दुखणे असेल तर २०२५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका अभ्यासमंडळाने स्पष्ट लिहिले की या सुया देऊ नयेत. त्यावर वेदनातज्ज्ञांच्या संघटनांनी हरकत घेतली. वाद चालू आहे. पण वाद आहे ही गोष्टच रुग्णाच्या कानावर घातली जात नाही. त्याला सांगितले जाते, "तीनचा कोर्स आहे." कोर्स कसला? पहिलीने काय झाले ते पाहिल्याशिवाय दुसरी ठरवायचीच कशी? पहिल्या फवारणीने अळी मेली की नाही हे न पाहता तिन्ही फवारण्यांचे पैसे आगाऊ घेणारा दुकानदार आपण उभा करू का?

आता अपायाची बाजू. इथे मला माझ्या विद्येतलेच दोन धडे सापडले.

पहिला धडा लेबलचा. कीटकनाशकाच्या डब्यावर लेबल क्लेम असतो : हे औषध या पिकावर, या किडीवर, या मात्रेत. त्याबाहेर वापरले तर जबाबदारी आपली. कंबरेच्या पोकळीत टोचली जाणारी स्टेरॉइडे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या जागेसाठी मंजूर केलेली नाहीत. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी इशाराही दिला : क्वचित, पण दृष्टी जाणे, पक्षाघात, लुळेपणा आणि मृत्यूही घडू शकतो. ट्रायमसिनोलोन नावाच्या एका औषधाच्या तिकडच्या लेबलवर तर या पोकळीत देऊ नये असे छापलेले आहे. लेबलबाहेर वापरणे म्हणजे गुन्हा नव्हे, डॉक्टर पुष्कळ औषधे अनुभवाने तशी वापरतात. पण तसे वापरतो आहोत हे सांगायला हवे की नको? यात अजून एक बारीक गोष्ट आहे, ती फवारणी करणाऱ्याला लगेच कळेल. काही स्टेरॉइडे पाण्यात विरघळत नाहीत, पाण्यात मिसळणाऱ्या भुकटीसारखे त्यांचे कण तरंगत राहतात. आपल्याकडे अशी भुकटी नोझल चोंदवते. तिकडे ते कण चुकून बारीक रक्तवाहिनीत गेले तर मज्जारज्जूचे किंवा मेंदूचे रक्त अडवू शकतात. मानेतल्या सुईत हा धोका सर्वांत मोठा. डेक्सामेथासोन हे मात्र स्वच्छ द्रावण आहे, त्यात कण नसतात. तेव्हा कोणते औषध देणार, आणि सुई क्ष-किरणाच्या पडद्यावर पाहत देणार की अंदाजाने, हे दोन प्रश्न विचारायला लाजू नका.

दुसरा धडा बुरशीचा. २०१२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका औषध बनवणाऱ्या कारखान्यातून याच सुईच्या कुप्या राज्याराज्यांत गेल्या. कारखान्यात स्वच्छता नव्हती, कुप्यांत बुरशी होती. सुमारे चौदा हजार लोकांना त्या टोचल्या गेल्या. वर्षभरानंतरच्या सरकारी मोजणीत ७५३ आजारी आणि ६४ मेलेले होते. ही बुरशी कोणती? एक्सेरोहिलम रोस्ट्रेटम. नाव वाचून मी खुर्चीतून उठलोच. कारण हा गवताच्या, मक्याच्या, ज्वारीच्या पानांवर ठिपके पाडणारा रोग. आम्ही महाविद्यालयात ज्याला हेल्मिन्थोस्पोरियमचे कुळ म्हणून शिकलो त्यातला. आपल्या धानावर तपकिरी ठिपके पडतात तो याचाच भाऊबंद, १९४२ साली बंगालच्या धानावर पडला होता तो. पानावरची बुरशी माणसाच्या मज्जारज्जूपर्यंत पोचली, कारण वाट सुईने करून दिली होती आणि स्टेरॉइडने शरीराचा राखणदार झोपवला होता. इथे असे घडले असे मी म्हणत नाही. पण कुपी नवी, सीलबंद, तुमच्यासमोर फोडलेली असावी आणि तिचे नाव, बॅच नंबर चिठ्ठीवर लिहून मिळावा, हा आग्रह धरा. खताच्या पोत्याची पावती मागतो, मग हिची का नाही?

साखरेचा आजार असलेल्यांनी तर आधी सांगायलाच हवे. सुईनंतर काही दिवस, कधी आठवडाभर, साखर वर चढते. आपल्या काकाजींची तिसऱ्या सुईनंतर अडीचशेच्या वर गेली होती आणि कोणी विचारलेही नव्हते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर तेही सांगा, नाहीतर आत रक्त साकळून नस कायमची दबू शकते.

आता ती कुल्ह्यावरची सुई. रोवणीच्या दिवसांत संध्याकाळी दवाखान्यापुढे रांग लागते. पन्नास-शंभर रुपयांत दोन औषधे मिसळून टोचतात, एक दुखणे मारणारे आणि एक स्टेरॉइड. सकाळी बाई पुन्हा बांधीत उभी. एका मावशीला मी विचारले तर म्हणाली, "सुई घेतली तं बरं वाटते गा, नाही घेतली तं रोज बुडते." मी तिला काय उत्तर द्यावे? डॉक्टरही वाईट माणूस नाही. तो दिली नाही तर ती शेजारच्याकडे जाईल. पण हंगामात दहा-पंधरा वेळा असे घेणे म्हणजे हाडे पोकळ करणे, साखर वाढवणे आणि अंगातले स्वतःचे स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी झोपवणे. कंबरेतली महाग सुई वर्षात एक-दोन, आणि कुल्ह्यावरची स्वस्त सुई हंगामात पंधरा. माझ्या मते आपल्या भागात जास्त नुकसान या दुसरीने होते आणि बोभाटा मात्र पहिलीचा.

यात आपल्या भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडची एक खास गोष्ट आहे, ती मुंबई-पुण्याच्या डॉक्टरच्या चटकन ध्यानात यायची नाही. सिकलसेल. ज्या घरात सिकलसेल आहे तिथे कंबर आणि पाय दुखणे हे गॅपचे नसून रक्ताचे असू शकते. लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन हाडातले रक्त अडवतात. अशा माणसाला स्टेरॉइड दिले तर उतार पडल्यासारखा वाटून दुखणे उलटून जोराने येऊ शकते. खुब्याच्या हाडाचा गोळा सिकलसेलने मरतो आणि वारंवार घेतलेल्या स्टेरॉइडनेही मरतो. एका गावात बावीस वर्षांची मुलगी मी पाहिली. दोन वर्षे कंबरदुखी म्हणून सुया चालल्या होत्या, रक्त कोणी तपासले नव्हते. आज ती काठी घेऊन चालते. नेमके कशाने खुबा गेला हे कोणी ठामपणे सांगू शकत नाही. पण तपासणी होऊ शकली असती, हे मात्र ठाम. २०२३ च्या जुलैपासून केंद्र सरकारचे सिकलसेलचे अभियान चालू आहे, सरकारी दवाखान्यात रक्त तपासून कार्ड मिळते. दुखणे कंबरेचे असो की पायाचे, तरुण माणूस असेल तर आधी हे कार्ड करून घ्या.

आणि चार खुणा अशा, की त्या दिसल्या तर सुई नाही आणि घरगुती उपायही नाही, सरळ मोठा दवाखाना. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसण्याची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी, रात्र काढायची नाही. पाऊल लुळे पडले, चप्पल आपोआप निसटायला लागली, तरीही तेच. कंबरदुखीबरोबर संध्याकाळचा ताप आहे, वजन उतरते आहे, रात्री झोपेतून उठवणारे दुखते आहे, तर तो मणक्याचा क्षय असू शकतो. आपल्याकडे तो दुर्मिळ नाही, आणि त्यात स्टेरॉइड टोचणे म्हणजे आगीला वारा घालणे. पडल्यानंतर म्हाताऱ्या बाईची कंबर एकाएकी दुखू लागली तर हाड मोडलेले असू शकते.

शस्त्रक्रियेचे नाव काढले की आपल्याकडे "मणक्याचे ऑपरेशन केले की माणूस खाटेला खिळतो" असे म्हणतात. ते आता तितकेसे खरे राहिलेले नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या दवाखान्यात मुंबईचे मणक्याचे तज्ज्ञ येऊन शिबिरांत शस्त्रक्रिया करत आले आहेत. पाऊल लुळे पडत असेल तर शस्त्रक्रिया टाळणे हेच धोक्याचे. पण नुसती कळ असेल तर घाईही नको. हॉलंडमध्ये सायटिकेचे रुग्ण दोन गटांत वाटून पाहिले, एका गटाची लवकर शस्त्रक्रिया, दुसऱ्याला थांबवून ठेवले. २००७ साली निकाल छापला. लवकर केलेल्यांची कळ लवकर गेली, पण वर्षाने दोन्ही गट सारखेच होते.

मग करायचे काय? याचे उत्तर इतके साधे आहे की त्याचे कोणी पैसे देणार नाही आणि म्हणून ते कोणी सांगतही नाही. झोपून राहू नका. हेलसिंकीच्या नगरपालिकेच्या कामगारांवर १९९५ साली प्रयोग छापला : कंबर दुखायला लागल्यावर दोन दिवस खाटेवर झोपवलेले सर्वांत मागे राहिले, जमेल तसे रोजचे काम करत राहिलेले सर्वांत आधी बरे झाले. रोजचे काम म्हणजे पोते उचलणे नव्हे, चालणे-फिरणे. २०२४ साली ऑस्ट्रेलियातला प्रयोग छापला. कंबरदुखीतून उठलेल्या माणसांना आठवड्यातून ठरावीक चालायला लावले. न चालणाऱ्यांची कंबर साधारण ११२ दिवसांत पुन्हा धरली, चालणाऱ्यांची २०८ दिवसांत. तुम्ही म्हणाल, आम्ही तर दिवसभर चालतो. नाही, आपण दिवसभर वाकतो. सरळ पाठीने, हात मोकळे सोडून, अर्धा तास बांधावरून चालणारा शेतकरी मला दाखवा. आणि तो कंबरपट्टा? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी ज्या गोष्टी देऊ नयेत असे सांगितले त्यात कंबरपट्टा आहे आणि वजने लटकवून पाय ओढणेही आहे. आपल्या बैठकीत आत्ता किमान आठ पट्टे मला दिसताहेत. ज्यांना त्याने धीर वाटतो त्यांनी बांधावा, मी काढून घेणार नाही.

आता भावाकडे येतो. काकाजींच्या एका सुईला भरती आणि तपासण्या धरून पंचवीस हजार गेले. तिनाचे पंचाहत्तर हजार. २०२५-२६ च्या खरिपाचा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. म्हणजे साडेएकतीस क्विंटलहून जास्त धान, बरे पिकले तर दोन एकरांचे अख्खे पीक, कंबरेत गेले. हा खर्च कोणत्या उत्पादन खर्चात धरला आहे? कृषी मूल्य आयोगाची पद्धत वाचा. बियाणे, खत, मजुरी धरतात. नांगराचा, अवजारांचा, शेतावरच्या इमारतीचा घसारा धरतात. घरच्या माणसांची मजुरीही कागदावर धरतात, पण रोजाच्या दराने. नांगराचा फाळ झिजतो हे सरकारला मान्य आहे. नांगर धरणाऱ्याची चकती झिजते, याचा रकाना नाही. ए-२ घ्या, सी-२ घ्या, कोणत्याच हिशेबात कंबर नाही.

ही झीज किती, याचा मी बसून हिशेब केला. ओळीत २० आणि रोपात १५ सेंटिमीटर अंतर धरले तर एका चौरस मीटरला ३३ चूड, एका एकरात सुमारे एक लाख पस्तीस हजार. दहा बायांनी एका दिवसात एकर रोवला तर एकेकीच्या वाट्याला साडेतेरा हजार चूड. साडेतेरा हजार वेळा हात चिखलात, आणि पाठ सकाळपासून संध्याकाळपर्यंत कमानीसारखी. हुंड्याने रोवणी असेल तर याहून जास्त, कारण हुंड्यात दम खायला पैसे नाहीत. रोवणी संपली की कापणी, कापणी संपली की पवनीकडे मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला दिवसभर उकिडवे. पुरुषांचे म्हणाल तर पोते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली पुरुषाने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली. आपल्याकडे धानाचे भरलेले पोते पाठीवर टाकून पुंजण्यापासून बंडीपर्यंत नेणे म्हणजे मर्दुमकी. २०१८ साली युरियाचे पोते ५० वरून ४५ किलोचे झाले, ते काही कोणाच्या कंबरेची दया येऊन नव्हे.

मी चाळीस किलोच्या वरचे पोते भरायचेच नाही असे सुचवतो. खरेदी केंद्रावर चाळीसचे चालते तर घरीही चालेल. खेप वाढतील, वाढू द्या. दुसरे, रोवणी. आपल्या आजोबांची आवत्या होतीच, ती गवतामुळे मागे पडली. आता मोड आलेले बी ओळीत टाकणारा ड्रम सीडर आहे. चिखलणी नीट, बांधी सपाट आणि पाणी उतरवलेले असेल तर दोन माणसे दिवसात एकरापेक्षा जास्त उरकतात, वाकावे लागत नाही. गवताचा प्रश्न येतो, हे मी लपवत नाही. पेरलेल्या धानासाठी सुरक्षकासह येणारे प्रेटिलाक्लोर मिळते, साधे वापराल तर धानच मरेल, लेबल पाहून घ्या. ज्यांच्या बांध्या खोलगट आहेत, पाणी निघत नाही, त्यांनी या फंदात पडू नये, त्यांना चटईवरचे पऱ्हे आणि रोवणी यंत्र हाच मार्ग. साकोलीच्या संशोधन केंद्रावर जाऊन विचारता येईल. पण एक प्रश्न बायांनी मला मागच्या बैठकीत विचारला आणि त्याचे उत्तर माझ्याकडे अजून नाही : यंत्र आले तर कंबर वाचेल, पण रोजी जाईल, तिचे काय? ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांच्यापुढे कंबर की चूल असा सवाल आहे. मी म्हणतो की यंत्र बायांच्या गटाच्या मालकीचे असावे, हुंडा त्यांनीच घ्यावा. बोलायला सोपे आहे. भांडवल कोण देणार, बँक दारात उभी करणार का, हे तुम्ही मला सांगा.

काकाजींचे काय झाले ते राहिले. मी त्यांना म्हटले, म्हैस विकू नका, आधी डॉक्टरला तीन गोष्टी विचारा : तिसरीने काही झाले नाही तर चौथीने का होईल, माझे दुखणे वर्षाचे जुने आहे त्यात सुईचा फायदा किती, आणि नाही घेतली तर काय होईल. त्यांनी विचारले. डॉक्टर चिडले नाहीत, थोडा वेळ फिल्म पाहत राहिले आणि म्हणाले, नाही घेतली तरी चालेल. मग ते नागपूरला सरकारी दवाखान्यात दुसऱ्याला दाखवून आले. पायाची ताकद शाबूत आहे, सध्या शस्त्रक्रिया नको, व्यायाम आणि साखर ताब्यात ठेवणे, असे ठरले. पाय अजून दुखतो. पूर्वीइतका नाही, पण दुखतो. म्हैस गोठ्यात आहे. आज ते इथे आले आहेत, मागे भिंतीला टेकून उभे आहेत. त्यांना बसा बसा म्हणू नका, उभेच राहू द्या.

बैठक संपल्यावर ज्यांनी चिठ्ठ्या आणल्या असतील त्यांनी मला दाखवा. कोणते औषध दिले आहे एवढे वाचून सांगीन, घ्या किंवा घेऊ नका असे सांगणार नाही. आणि ड्रम सीडरवर यंदा अर्धा एकर करून पाहायची ज्यांची तयारी आहे त्यांनी वहीत नाव लिहून द्यावे. बांधीत पाणी कसे निघते, तेही नावापुढे लिहा.